ताइस्तोच्या ड्रॉवरमधल्या अकरा चिपा

ताइस्तो लेपोलाने आपलं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान बंद केलं त्याला बारा वर्षं झाली. टीव्ही बिघडला की लोक नवा घ्यायला लागले, तेव्हा त्याने निमूटपणे पाटी उतरवली आणि टाम्पेरेच्या हेर्वान्ता भागातल्या आपल्या इमारतीच्या तळघरात, सायकली ठेवायच्या खोलीशेजारी, एक टेबल मांडलं. तिथे हळूहळू दुसरंच काम जमलं. चाळीस वर्षांपूर्वी फिनलंडच्या घराघरांत पोरांनी हट्ट करून घ्यायला लावलेले ते काँप्युटर, पावासारखे फुगीर, तपकिरी, सगळं यंत्र कीबोर्डच्याच पोटात असलेले, लोक माळ्यावरून काढून त्याच्याकडे आणू लागले.

ताइस्तो बोलायला कमी. यंत्र घ्यायचा, नाव लिहून चिठ्ठी चिकटवायचा, आणि दोन आठवड्यांनी या म्हणायचा. पण त्याच्या कानाची ख्याती दूरवर होती. या यंत्रातली आवाजाची चिप हा एक विक्षिप्त प्राणी. एकाच कारखान्यातून एकाच आठवड्यात निघालेल्या, पाठीवर तोच नंबर असलेल्या दोन चिपाही सारख्या बोलत नाहीत. आवाज गाळून कमीजास्त करणारा एक भाग आत असतो, तो प्रत्येकीचा निराळा. एकीतून सूर घोंगडीखालून आल्यासारखा येतो, दुसरीतून मोकळा. चिप मेली तर जागी दुसरी बसवता येते, पण कुठली, हे नंबर पाहून ठरत नाही. ताइस्तोच्या ड्रॉवरमध्ये अशा अकरा जुन्या चिपा होत्या. प्रत्येक त्याने कधीकाळी आपल्या टेबलावरच्या यंत्रात लावून ऐकली होती आणि पाठीवर कागदी पट्टी चिकटवून पेन्सिलीने एक शब्द लिहिला होता. ‘गडद’. ‘पातळ’. ‘कुरकुरी’. ‘मोकळी’. एकीवर नुसतं ‘नको’.

फेब्रुवारीत मार्युत आली. पन्नाशी ओलांडलेली, ट्राम चालवणारी बाई. ड्यूटीचं जॅकेट अंगावर तसंच. काँप्युटर टॉवेलात गुंडाळून आणला होता. यंत्र चालू व्हायचं, पण आवाज नाही. जुन्या अ‍ॅडाप्टरने जास्त दाबाची वीज सोडून चिप जाळली होती. ताइस्तोने बोट लावून पाहिलं आणि मान हलवली.

मग तिने कॉफी घेता घेता सांगितलं ते असं. सोळा वर्षांची असताना तिने याच यंत्रावर एक धून रचली होती. त्या वेळी असल्या धुना रचणारे सगळे मुलगेच, म्हणून तिने मुलाचं एक टोपणनाव घेतलं आणि फ्लॉपी टपालाने स्पर्धेला पाठवली. धून गाजली. आजही त्या पिढीचे लोक ती इंटरनेटवर ऐकतात आणि तो मुलगा कोण होता यावर वाद घालतात. पण ती सगळी ध्वनिमुद्रणं दुसऱ्यांच्या यंत्रांवर केलेली. शेवटाकडे वरच्या पट्टीत एक बारीक स्वर हळूहळू उघडत येतो. सगळी धून तिने त्या एका स्वरासाठी रचली होती. त्या मुद्रणांत तो गाळातच बुडतो. एप्रिलमध्ये हेर्वान्ताच्या वाचनालयाच्या सभागृहात त्या जुन्या मंडळींचं संमेलन होतं. तिथे ती पहिल्यांदा स्वतःच्या नावाने उभी राहणार होती.

“एकदाच वाजवायची आहे,” ती म्हणाली, “पण जशी होती तशी.”

ताइस्तोला हे काम मनापासून आवडलं. पण एक गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. गेल्या दोन-तीन वर्षांत वरच्या पट्टीचे आवाज त्याला ऐकू येईनासे झाले होते. घरी बायकोला, हिल्काला, माहीत होतं. ओव्हनची शिटी वाजत राहायची आणि तो शेजारी बसून पेपर वाचत असायचा. “ओव्हन बिचारा ओरडून ओरडून थकला,” ती म्हणायची, “तू वाच, वाच.” डॉक्टरकडे जायचं तो पुढे ढकलत होता. यंत्रं मात्र दुरुस्त करून देत होता, कारण पट्ट्यांवरचे शब्द होते. ते कान चांगले असतानाचे होते. त्यांच्यावर भरवसा ठेवायला काय हरकत होती?

दुसरे मार्ग त्याने आधीच बाजूला सारले. हल्ली जुन्या चिपेची नक्कल करणारा नवा छोटा बोर्ड मिळतो, पण मार्युतला नक्कल नको होती. याच चिपेची पुढच्या काळातली सुधारलेली बहीण ड्रॉवरमध्ये दुसऱ्या कप्प्यात होती. तिला कमी दाबाची वीज लागते, या यंत्रात ती मिनिटात करपली असती. परदेशातून मागवलेल्या दोन चिपा अजून पाकिटात होत्या. त्याने अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस त्यांच्या पाठीवरून फिरवला, तसा छापलेला नंबर काळ्या रंगासकट कापसावर उतरला. कुणीतरी भलत्याच चिपा रंग फासून, वर हा नंबर छापून विकल्या होत्या. म्हणजे राहिल्या त्या अकराच.

त्याने मेलेली चिप काढली, जागी सॉकेट बसवलं, की चिप सोल्डर न करता बदलता यावी. मग मार्युतला बोलावून ‘मोकळी’ लिहिलेली चिप लावली. धून वाजली. ताइस्तोने डोळे मिटून मान डोलावली.

“नाही,” मार्युत म्हणाली. “तो स्वर येतच नाही.”

त्याने ‘स्वच्छ’ लावली, मग ‘उजळ’. दोन्ही वेळा ती नाही म्हणाली, तिसऱ्यांदा जरा हळू आवाजात. ताइस्तोचे कान लाल झाले. शब्दांप्रमाणे याच तीन सगळ्यांत मोकळ्या होत्या. यांतून येत नसेल तर कशातून येणार?

“पस्तीस-छत्तीस वर्षं झाली, पोरी,” तो म्हणाला. “इतक्या वर्षांत आठवण बदलते. कदाचित तो स्वर होता त्यापेक्षा मोठा झाला असेल तुझ्या मनात.”

मार्युतने कप धुऊन जागेवर ठेवला, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि यंत्र इथेच राहू दे म्हणून निघून गेली.

तो रविवार ताइस्तोला जड गेला. हिल्काने विचारलं, तेव्हा काम जमत नाही एवढंच म्हणाला. दुपारी खाली जाऊन त्याने मार्युतचं यंत्र पुन्हा उघडलं, खरं तर हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून. आवाजाच्या चिपेशेजारी दोन चिमुकले कंडेन्सर असतात. चिप आवाज गाळते तो त्यांच्याच जोरावर. त्यांच्यावरचा आकडा त्याने भिंगातून वाचला. मग टेबलावरच्या स्वतःच्या यंत्राचं झाकण काढून तिथला वाचला, आणि खुर्चीत बसला.

त्याचं यंत्र अगदी पहिल्या वर्षातलं. त्या वर्षी हे कंडेन्सर चौपटीहून मोठे बसवत, पुढे बदलले. कधीतरी हे त्याने वाचलंही होतं, पण आपल्या टेबलावरच्या यंत्राकडे कोण वळून बघतो? अकराच्या अकरा चिपा त्याने या मोठ्या कंडेन्सरांवर ऐकल्या होत्या. इथे जी मोकळी ठरली ती मार्युतच्या यंत्रात भलतीच ठरू शकत होती. एका घरात बसून दुसऱ्या घरातल्या माणसांना नावं ठेवल्यासारखं झालं होतं. मार्युतची आठवण बरोबर होती; चुकले होते ते त्याच्या पट्ट्यांवरचे शब्द.

आता उपाय सोपा होता. एकेक चिप तिच्याच यंत्रात लावायची आणि ऐकायची. आणि तेवढंच त्याला येत नव्हतं.

मार्युतला सांगता आलं असतं, की कंडेन्सरची भानगड होती, तूच येऊन ऐक, तुझी धून आहे. तेही खोटं ठरलं नसतं. पण परवा आपण डोळे मिटून मान डोलावली होती, हे त्याला आठवत राहिलं. त्याने फोन केला.

“मी तुला उगाच म्हातारी ठरवलं,” तो म्हणाला. “तुझी आठवण ठीक आहे. माझे शब्द चुकीच्या यंत्रावरचे होते. आणि मला तो स्वर ऐकूच येत नाही. कुठलीही चिप लावली तरी मला येणार नाही. माझे कान गेलेत वरच्या बाजूने.”

पलीकडे ट्रामची घंटा वाजली असावी. ती शेवटच्या थांब्यावर होती.

“म्हणजे परवा तुम्ही मान डोलावत होतात ती कशावर?”

“सवयीवर.”

ती हसली. मग म्हणाली, “मी दोन दिवस झोपले नाही हो. मला वाटलं, खरंच मी ते मनातच ऐकलं की काय इतकी वर्षं.”

ताइस्तोने पुन्हा माफी मागितली.

मंगळवारी ती दालचिनीचे पाव घेऊन आली. ताइस्तोने सगळ्या पट्ट्या सोलून काढल्या होत्या आणि आधी लावलेल्या तीनही पुन्हा त्यांत मिसळल्या होत्या. तो चिप लावायचा, यंत्र चालू करायचा, ती ऐकायची. मग बंद, थोडं थांबायचं, चिमटा घालून चिप दोन्ही टोकांनी थोडी थोडी उचलायची, की पाय वाकू नयेत, आणि पुढची. कान तिचे, हात त्याचे. तो तिच्या तोंडाकडे बघायचा नाही, मुद्दाम. खाली बोर्डाकडे बघत राहायचा. सहा झाल्या. सातवी बरी होती, पण सूर आणि खरखर एकत्रच वर यायची. आठवीला तिने नुसता हात हलवला.

नववी वाजताना ती उठून भिंतीपाशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. धून संपली तरी वळली नाही. ताइस्तोने यंत्र बंद केलं नाही.

“ही कुठली?” तिने शेवटी विचारलं.

पट्टी नसली तरी एका कोपऱ्यात टवका उडालेली ती चिप त्याला ओळखू येत होती. “हिच्यावर मी ‘नको’ लिहिलं होतं,” तो म्हणाला. उरलेल्या दोन त्यांनी लावूनच पाहिल्या नाहीत.

त्याच आठवड्यात ताइस्तोने वही काढली आणि गेल्या दोन-तीन वर्षांत पट्ट्यांच्या भरवशावर परत केलेल्या यंत्रांच्या मालकांना फोन लावले. सहा जण होते. पाच जणांची तक्रार नव्हती. लेम्पाला गावचा एस्को मात्र म्हणाला, “माझं जरा घशातून बोलतं खरं. पण तू ठणठणीत म्हणालास, म्हणून मी गप्प बसलो.” ताइस्तोने त्याला शनिवारी बोलावलं आणि बरोबर मुलीलाही आणायला सांगितलं, ऐकायला. कानाच्या डॉक्टरांची वेळ हिल्काने घेऊन टाकली. त्याने अडवलं नाही.

संमेलनाला साठ-सत्तर माणसं होती, बहुतेक टक्कल पडलेली. मार्युतने आपलं नाव सांगितलं, मग ते जुनं टोपणनाव. सभागृहात कुजबुज झाली आणि मागून कुणीतरी चक्क खुर्ची पाडली. तिने जास्त काही सांगितलं नाही. यंत्र चालू केलं.

ताइस्तो तिसऱ्या रांगेत हिल्काशेजारी बसला होता. खालचे सूर त्याला येत होते, ताल येत होता. शेवटाकडे त्याच्यासाठी सगळं विरळ होत गेलं आणि सभागृह मात्र एकदम स्तब्ध झालं. हिल्काने त्याच्या मनगटावर हात ठेवला. तो कशासाठी, ते त्याला कळलं.

टाळ्या थांबल्यावर शेजारचा दाढीवाला माणूस त्याच्याकडे वळला. “मी ही धून तीस वर्षं ऐकतोय,” तो म्हणाला. “वर तो एक स्वर आहे, मला पत्ताच नव्हता. तुम्हाला होता?”

“नाही,” ताइस्तो म्हणाला. “मला आत्ताही ऐकू आला नाही. पण आहे तो.”