थांबा जरा, ताणा पसरलाय

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. सत्यनारायणालासुद्धा मी शिऱ्यापुरताच जातो. त्यामुळे पुढचं वाचून कुणी हसलं, तर माझी तक्रार नाही... मीही हसलो असतो.

माझी सासुरवाडी दौलताबादची. धनगराचं घर. पुढच्या ओसरीवर सासऱ्यांचा घोंगडीचा माग होता. किल्ला बघायला आलेले लोक त्यांचे फोटो काढत, तेही मिशी सारखी करून बसत. मागच्या मातीच्या माळवदाच्या खोलीत बायका लोकर पिंजत, कातत, ताणा – म्हणजे घोंगडीचे उभे धागे – जमिनीवर पसरून लावत. त्याला कुणी काम म्हणत नसे, फोटोही काढत नसे. पण एक नियम होता. पुरुषानं उंबऱ्याबाहेर खाकरायचं आणि आतून 'या' आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. धागे तुडवले जातात म्हणून.

सासरे गेले, माग मोडला, कातणं थांबलं. सासूबाईंचा नियम मात्र चालूच.

"पावणं, खाकरून जा बरं!"

"मामी, आत आहे कोण?"

"कुणी का नसंना. घसा काय झिजतो व्हय?"

दोन वर्षांमागं पाऊस लई दिवस उघडला नव्हता. एका दुपारी माझ्या तीन वर्षांच्या ओवीला मागच्या खोलीतला आजीचा लोकर कातायचा रहाट हवा झाला. बायको आणि सासूबाई ओसरीवर मेथी निवडत होत्या. ओवीला कडेवर घेऊन मी मागं गेलो आणि नाटकातल्या राजासारखा मुद्दाम जोरात खाकरलो.

आतून आवाज आला – "थांबा जरा, ताणा पसरलाय."

साधा, कामात असलेल्या बाईचा आवाज. वाटलं, शेजारची कुणी असेल. मी थांबलो. ओवी म्हणाली, "पप्पा, आत कोणे?"

तेवढ्यात तुळई कडाडली आणि अख्खं माळवद खाली आलं. उंबऱ्याच्या आत गुडघाभर माती. आम्ही बाहेर, धुळीनं पांढरे.

"आत बाई आहे!" मी ओरडत सुटलो. मेहुण्यानं आणि शेजाऱ्यांनी सगळा ढिगारा उपसला.

"दाजी, इथं कुणीच नाय. नुसता रहाट हाय."

सासूबाईंनी ओवीला छातीशी धरलं होतं. मी चाचरत विचारलं, "तुमच्या सासूबाई असतील का हो?"

"छे! त्या 'जरा' म्हणल्या नसत्या. 'मुडद्या, थांब' म्हणल्या असत्या."

एवढ्या रडारडीत आम्ही सगळे हसलो.

मित्र म्हणतात, लाकूड करकरलं असेल. असेल. पण मग ओवीनं 'कोण' का विचारलं, 'काय' का नाही?

खोलीवर आता पत्रे आहेत. आभार कुणाचे मानायचे ते कळत नाही, म्हणून गेलो की उंबऱ्याशी उभा राहून खाकरतो. ओवी माझा हात धरून बारीक आवाजात खाकरते. आतून 'या' असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

आम्ही थांबतो.