मनीषाच्या अर्जातला बैलबाजार

हे मी कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही. चर्चमध्ये डोळे मिटून बसते तेव्हाही या एका गोष्टीला वळसा घालून पुढे जाते, आणि देवाला काय, माहीत असणारच, असं म्हणून मोकळी होते. आज तुम्हाला सांगते आहे. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच. दमले आहे मी. लपवायलाही अंगात बळ लागतं. चौदा वर्षं ते पुरलं, आता पुरत नाही.

मी वकील आहे. नगरमध्येच — जिल्ह्याचं नाव बदललं तरी आमच्या तोंडात नगरच बसलंय — एका फर्ममध्ये काम करते. नागापूरच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांचे करार आम्ही बघतो. कोर्टाची पायरी मी क्वचितच चढते. मालात दोष निघाला तर जबाबदारी कुणाची, या एका कलमाभोवती माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. हसू नका. ते कलम पुढे येणार आहे.

दर उन्हाळ्यात इंटर्नशिपचे अर्ज माझ्या टेबलावर येतात. कॉलेजवाले मला भाषणालाही बोलावतात, अर्ज कसा लिहावा म्हणून. मी तोंड वर करून सांगते: फर्मचं नाव बदलून तोच अर्ज दहा ठिकाणी धाडू नका. ती फर्म काय काम करते ते आधी बघा. ‘मी मेहनती आहे’ असं लिहू नका, मेहनत दिसेल असं काही लिहा. आणि एक तरी गोष्ट अशी लिहा, जी तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला लिहिताच येणार नाही. मुलं वहीत उतरवून घेतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान — पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

मनीषा माझ्या वर्गात होती. घोडेगावची. तिचे वडील तिथल्या जनावरांच्या बाजारात दलाल. मी शिक्षकाची मुलगी, घरात इंग्रजी पेपर यायचा, त्यामुळे इंग्रजीचा रुबाब माझा. तिचं इंग्रजी अडखळायचं. पण कायदा तिच्या डोक्यात माझ्यापेक्षा स्वच्छ बसायचा. हे मला आज कळलं असं नाही, तेव्हाही कळत होतं — आणि टोचत होतं.

चौथ्या वर्षी सरांनी सांगितलं, ही फर्म आपल्या कॉलेजातून एकालाच घेते. काम आवडलं तर पुढे नोकरीवर ठेवते. आम्ही दोघींनी अर्ज करायचं ठरवलं. मनीषाच्या घरी तेव्हा स्थळं बघणं चालू झालं होतं. नगरला पक्कं काम लागलं तर दोन-तीन वर्षं थांबू, असं तिच्या वडिलांनी कबूल केलं होतं. हे तिनंच मला सांगितलं होतं. मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची वाट मी स्वतःला ठेवणार नाही.

तिनं आपला अर्ज आखीव कागदावर हातानं लिहून माझ्याकडे दिला. इंग्रजी सुधार आणि टाईप करून दे, म्हणाली. मी वाचायला घेतला. पहिला परिच्छेद चुकांनी भरलेला. आणि दुसरा — दुसरा मी चार वेळा वाचला.

तिनं वडिलांच्या धंद्याबद्दल लिहिलं होतं. बाजारात सौदा उपरण्याखाली बोटांच्या खुणांनी होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण उपरणं पसरण्याआधी दलालाला जनावराची खोड चारचौघांत मोठ्यानं सांगावी लागते — मारकं आहे, नांगराला बसतं, एका डोळ्यानं कमी बघतं. सांगितलेली खोड घेणाऱ्याची, लपवलेली विकणाऱ्याची. कागद नाही, सही नाही, तरी अख्खा बाजार यावर चालतो. शेवटी तिनं लिहिलं होतं की तुमची फर्म कारखान्यांसाठी जे कलम लिहिते, ते मी लहानपणापासून कानांनी ऐकत आले आहे, आता ते लिहायला शिकायचं आहे.

सांगा, असा अर्ज कोण बाजूला ठेवेल?

माझ्या अर्जात काय होतं? वक्तृत्वातली बक्षिसं, गुणांचे टक्के, आणि न्यायाबद्दल तळमळ. तळमळ! कारखान्याच्या सुट्या भागांच्या कराराला न्यायाची तळमळ काय कामाची?

दुसऱ्या दिवशी मी तिला कॅन्टीनमध्ये बसवलं आणि फार मायेनं सांगितलं की हा बैलबाजार काढून टाक. मोठी फर्म आहे, साहेबलोक हसतील. तुला वाटतं, दलालाची मुलगी म्हणून ते तुला घेतील? साधं लिहू या — मी मेहनती आहे, शिकण्याची इच्छा आहे. तिचा चेहरा उतरला. मग ती म्हणाली, “तू म्हणतीस तर काढ. तुला जास्त कळतं.” केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि गळा पुढे करणारीनं वर माझे आभार मानले.

एवढ्यावर थांबले असते तरी — नाही, थांबले नाही मी. तो परिच्छेद मी माझ्या अर्जात घातला. चांगल्या इंग्रजीत. वडिलांच्या जागी ‘माझे मामा’ लिहिलं. मनीषाच्या वडिलांना मी मामाच म्हणायचे, म्हणजे हे काही खोटं नाही, अशी वकिली मी स्वतःशीच केली. वकिलीतला माझा पहिला युक्तिवाद तो.

बोलावणं मला आलं. पण बाजारातलं मला काय ठाऊक होतं? मी घोडेगावचा बाजार एसटीच्या खिडकीतून तेवढा पाहिलेला. म्हणून मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी मनीषाला फोन केला, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हवं आहे म्हणून. ती हरखली. मुलाखतीचं तिला सांगितलंच नव्हतं मी. तिनं फोन वडिलांकडे दिला. त्यांनी अर्धा तास समजावलं. कामं सोडून, हौसेनं. मी विचारलं, दलालालाच खोड माहीत असून त्यानं लपवली तर? ते म्हणाले, “मंग जनावर माघारी येतं, पोरी. आन् त्या दलालाला पुन्हा कोनी इचारीत न्हाई. तोंड गेलं त्याचं.” मग म्हणाले, “ये की एकदा बाजारला. मनीचीच मैत्रीन हायेस, परकी न्हाईस.”

मी ते वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी नेमका तोच प्रश्न विचारला. मी मामांचं उत्तर दिलं, शब्दाला शब्द, फक्त इंग्रजीत. साहेब खुर्चीत मागे रेलून हसले, आणि मला घेतलं. मनीषा पेढे घेऊन घरी आली. पेढे तिनं आणले, मी नाही.

तिचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. शेवटचं वर्ष तिनं सासरहून, मिळेल तसं पूर्ण केलं. आता ती नेवाशाला असते, नोटरीची आणि किरकोळ कामं बघते. बरं चाललंय तिचं, असं मी लोकांना सांगते. बरं चाललंय की नाही, हे मी तिला कधी विचारलेलं नाही. मामा मधे वारले. मी गेले नाही. तब्येतीचं कारण सांगितलं.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. तिच्या भावाची मुलगी, प्रियंका, कायदा शिकते आहे. आमच्या फर्मला अर्ज केलाय, तेवढं बघ, म्हणाली. आणि मग अभिमानानं म्हणाली, “घरचं, बाजाराचं काहीच लिहू दिलं न्हाई बघ मी तिला. तू सांगितलं हुतंस ना त्या वेळी, ते माझ्या ध्यानात हाय. इथल्या सगळ्या पोरींना मी तेच सांगते.”

सगळ्या पोरींना. किती असतील?

अर्ज माझ्यापुढे होता. स्वच्छ टाईप केलेला, एक चूक नाही. मेहनती आहे, शिकण्याची इच्छा आहे. प्रियंकाला फोन करून एक वाक्य सांगायचं होतं — आजोबांबद्दल लिही. पाच मिनिटांचं काम. पण मनीषानं विचारलं असतं, मग माझ्या वेळी तू ते का काढायला लावलंस? या प्रश्नाला माझ्याकडे खोटं उत्तरही उरलं नव्हतं. मी दोन दिवस फोन हातात घेऊन खाली ठेवत राहिले. नंतर तेही सोडून दिलं.

आमच्याकडे प्रत्येक नाकारलेल्या अर्जावर कारण लिहावं लागतं. प्रियंकाच्या अर्जावर मी लिहिलं, ‘उमेदवाराचं स्वतःचं असं काही दिसत नाही.’ खाली सही केली.

परवा मनीषाचा पुन्हा फोन आला. रागावली नव्हती. “असू दे गं,” म्हणाली, “एवढे अर्ज येतात, तू तरी काय करनार?”

मी म्हणाले, हो ना.