आर्डेलिया प्रुइटचं उरलेलं नाटक

आर्डेलिया प्रुइटला पुरून मंडळी चर्चच्या तळघरात जेवायला उतरली. प्रवचनात रेव्हरंडांनी तिच्या हातच्या केकची फार वाखाणणी केली होती. शिकागोच्या दक्षिण वस्तीच्या मते गोऱ्यांच्या थिएटरात नाटक लागलेली ती पहिली काळी बाई. पण हे त्यांनी एका वाक्यात उरकलं. तिच्या नाटकातला पाद्री दारू प्यायचा.

लुव्हेनिया स्टोक्सने आपलं ताट बाजूला सारलं. जन्मभर तिने आर्डेलियाच्या नाटकात थोरल्या मुलीचं काम केलं होतं. आर्डेलिया लाँड्रीत इस्त्री करता करता संवाद रचायची आणि रविवारी प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात जाऊन तिचा तिचा भाग तोंडी पाठ करून घ्यायची. कारण त्या गोऱ्या थिएटरवाल्याने तिच्या पहिल्या नाटकाची एकुलती एक प्रत ठेवून घेतली होती आणि पुढच्या वर्षी तेच नाटक दुसऱ्याच्या नावावर लागलं होतं. त्यानंतर तिने कागदाला पेन लावलं नाही. चोरायला काही उरलं नाही. आता जपायलाही नव्हतं.

ती शेजारी बसलेल्या मोझेलला म्हणाली, "बशी सार बाजूला. नाटक म्हणू या. तुझी सून लिहून घेईल."

"आत्ता? अगं, बुटाला कबरीची माती आहे अजून!"

"मग काय, तुझ्या कबरीची लागेपर्यंत थांबू? साखर वाढलीय आणि दुसरा केक खातेयस."

"दुःखात खातेय. दुःखातलं मोजत नाहीत."

तरी मोझेल सरसावून बसली. वयाच्या सत्तरीत तिने धाकट्या मुलीचं काम सुरू केलं, तेही न अडखळता. सून भराभर लिहीत होती. मग आईचं भाषण आलं आणि सगळं थांबलं. आईचं काम आर्डेलिया स्वतः करायची. दर प्रयोगाला ती ते भाषण नवं करायची. दुसरीला आपली पाळी कळावी म्हणून शेवटचे तीन शब्द तेवढे कायम ठेवायची: 'तर मग उठ.'

लुव्हेनियाने धीर करून ते स्वतःच रचायला घेतलं. "पोरींनो, मला माफ करा, मी तुम्हाला..."

"थांब," मोझेल म्हणाली. "आर्डेलियाच्या नाटकातली आई मेली तरी माफी मागायची नाही. हे तुझ्या मनातलं आहे."

लुव्हेनियाची मुलगी डेट्रॉइटला गेली ती परतली नव्हती.

"मग इथे काय लिहू?" सुनेने विचारलं.

"जागा सोड."

"किती?"

लुव्हेनियाने डोळे मिटले. "ती बोलायची तेवढी."

सगळ्या गप्प बसल्या. बाजूच्या टेबलावर कुणीतरी हसलं, मग ओशाळलं. बऱ्याच वेळाने मोझेल हळूच म्हणाली, "तर मग उठ."

"लवकर म्हणालीस."

"नाही गं. शेवटी शेवटी तिला दम लागायचा."

लुव्हेनिया टेबलाला धरून उठली. इथून पुढची वाक्यं तिची होती.