निबर

आमच्या माणदेशात एखाद्याला ‘निबर’ म्हटलं की समजायचं, याच्या काळजाला काही लागत नाही. शिवीच ती. पण माझे वडील, आण्णा, मेंढपाळ. त्यांच्या तोंडून हा शब्द वेगळा यायचा. मेंढीचं कोकरू मेलं की ते तिच्यावर नजर ठेवायचे. नुसती वरडत उभी राहणारी मेंढी चारा सोडायची आणि खंगायची. एखादी मात्र खाली मान घालून चरायला लागायची. मग म्हणायचे, “निबर हाय. जगंल.”

मला साताऱ्याच्या हॉस्टेलवर सोडलं तेव्हा मी फाटकाशी रडत होते. तेव्हाही तेच. “निबर हो बाय, तवाच टिकशील.” मी टिकले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, हे मी कुणालाही ताठ मानेनं सांगते.

गेल्या वर्षी ते मिरजेच्या दवाखान्यात वारले. उशाशी मीच होते. गावी आणलं, माती झाली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून संध्याकाळी भावकीतून कडू घास आला, पिठलं-भाकरी. रीत अशी की घरच्यांनी एखादा घास तोंडाला लावायचा आणि ताट सारायचं. दवाखान्यात माझ्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं. मी अख्खी भाकरी खाल्ली.

सगळ्या बायका बघत राहिल्या. आत्या बोललीच, “आगं, बाप आत्ता मातीत गेला आन तू भाकरी मोडतीस व्हय? शिकून लय निबर झालीस गं!”

“हाय मी निबर, आत्ती. तुज्याच भावानं केलीया.”

मी घास मोडून आईच्या तोंडाशी धरला. तिनं तोंड फिरवलं.

“तुला जातंय, तू खा.”

त्यानंतर आईचं जेवण तुटलं ते तुटलंच. सांगलीला माझ्याकडं आणली, तर आठवड्यात परत गेली. आता मी रोज फोनवर विचारते, “जेवलीस का?”

“व्हय, जेवले की.”

मग वहिनी फोन घेऊन बाजूला जाते आणि खरं सांगते. आई ताटातलं चिवडते, अर्धी भाकरी कुत्र्याला घालते.

परवा गावी गेले. आई दारात उभी होती. चोळीच्या बाह्या दंडावर सैल लोंबत होत्या. दुपारी तिचं ताट मीच वाढलं, समोर बसले. ती भाकरीवर हात ठेवून बसलेली.

“आई, आण्णा काय म्हणायचे? निबर व्हावं मान्सानं. हो की गं जरा.”

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, अगदी साधं.

“तू झालीस न्हवं? मग मी बी झाले तर त्येंच्यासाठी रडायचं कुणी?”

तिनं ताट माझ्याकडं सरकवलं. ते मी परत तिच्यापुढं ठेवलं. पिठल्यावर साय धरली तरी ताट तिथंच होतं.