दोघींचा उजवा हात

राखीपौर्णिमेला मिरजगावला माहेरी गेले, की गोठ्यातून ताज्या कापलेल्या मक्याचा हिरवा, गोडसर वास येतो आणि मला नगरच्या दवाखान्यातली खाट आठवते. मी नववीत होते. चारा कापायच्या कुट्टीत माझा उजवा हात मनगटापासून गेला होता. दादा उशाशी बसून लायब्ररीतली जादूच्या राज्यांची जाडजूड कादंबरीमालिका मला वाचून दाखवायचा.

त्यात एक राजकन्या होती आणि एक चोरटी. दोघींचाही उजवा हात तुटलेला, राजकन्येचा युद्धात आणि चोरटीचा भर चौकात, शिक्षा म्हणून. पुढे दोघी डाव्या हातानं तलवार शिकतात.

"दादा, मी ह्यातली कोन?" मी विचारलं.

त्यानं पुस्तकातून मान वर केली नाही. "एकीचा हात राज्यापायी गेला, एकीचा भुकेपायी. तुझा गुरांच्या चाऱ्यात गेला. तू ह्यात कुटंच न्हाईस."

आई मोसंबी सोलत होती. ती सोलतच राहिली.

तेव्हा मला ते पटलं होतं. आता दादा मनगट पुढं करतो, मी डाव्या हातानं राखी ठेवते आणि गाठ वहिनी मारते. तेवढ्या वेळात मला त्या दोघींमधलं आणखी एक साम्य आठवतं. दादानं ते मला वाचून दाखवलं होतं, पण त्या दिवशी उत्तर देताना त्याचं नाव काढलं नव्हतं. दोघींचे हात एकाच सेनापतीनं तोडले होते.

मी अडकलेला चारा काढत असताना कुट्टीचं बटण दादानंच दाबलं होतं. त्या गोष्टीत मी नव्हतेच. तो होता.