पाठराखीण आणि दोन इनचार्ज

"सिस्टर, पोरीचं हात गार पडाय लागल्यात की!"

मुरगूडहून लेकीच्या बाळंतपणासाठी आलेली एक आई बाळंतिणींच्या वॉर्डात ओरडली, तेव्हा मी राउंडवर होते. मी त्या हॉस्पिटलची मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सेसची प्रमुख. मुलगी पांढरीफटक पडली होती. मी पोटावर हात ठेवला. बाळंतपणानंतर गर्भाशय हाताला घट्ट लागायला हवं. मऊ राहिलं तर रक्त थांबत नाही. हिचं मऊ होतं. मसाज, इंजेक्शनं, डॉक्टरांची धावपळ. मुलगी वाचली.

चौकशीत कळलं की लेबर रूममध्येही गर्भाशय दोनदा सैल पडलं होतं. हे तिथल्या इनचार्ज शकुंतला सिस्टरना माहीत होतं. वॉर्डाच्या इनचार्ज मालती सिस्टरना नव्हतं. दोघींच्या दारांत अंतर पंचवीस पावलांचं.

"सांगितलं का नाही?"

"मी सीनियर हाय, मॅडम. तिच्या दारात मी जाऊ व्हय?" शकुंतला म्हणाल्या.

"प्रमोशन माझं आधी झालंय," मालती म्हणाल्या. "पेशंट तिची, तिनंच यायचं."

त्यामुळे हँडओव्हर, म्हणजे पेशंट सोपवताना द्यायची माहिती, ट्रॉली ढकलणाऱ्या मावशी देत. त्या दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "मुलगा हाय. पेढं येतील." त्यांच्या दृष्टीनं रिपोर्ट पूर्ण होता.

मॅनेजमेंटनं पुण्याहून ट्रेनर बोलावला. बॅनर लागलं, बुके दिले गेले, 'इफेक्टिव्ह कम्युनिकेशन'वर दोन तास भाषण झालं. दोघी हॉलच्या दोन टोकांना बसल्या आणि दोघींनीही फॉर्मवर 'एक्सलंट' लिहिलं. व्हॉट्सॲप ग्रुपही निघाला. त्यावर रोज सूर्योदय व्हायचा.

डिस्चार्जच्या दिवशी त्या आईनं माझ्यासमोरच दोघींना गाठलं. भांडणाचं सगळं तिला मावशींकडून कळलं होतं.

"लेक सासरी धाडताना पाठराखीण जातीच की वो. तिला कोण धाकली म्हणतंय? उलट तिलाच पाट मांडत्यात."

मी संधी सोडली नाही. दुसऱ्या दिवसापासून नियम केला: लेबर रूमच्या इनचार्जनं पेशंटबरोबर पाठराखीण म्हणून जायचं, वॉर्डाच्या इनचार्जनं तिला खुर्ची द्यायची, आणि खाटेपाशी दोघींनी पेशंटच्या पोटाला हात लावून बघायचं. सर्क्युलरमध्ये 'पाठराखीण' शब्द बघून वरच्या साहेबांनी भुवया उंचावल्या. मी सही करून टाकली.

पहिल्या दिवशी शकुंतला आल्या त्या कोर्टात आल्यासारख्या.

"बसा," मालती म्हणाल्या.

"बसाय न्हाय आले. हात लावा. घट्ट हाय नव्हं?"

"हाय."

कित्येक वर्षांतलं त्यांचं ते सर्वांत लांब संभाषण असावं.

काही आठवड्यांनी एका खाटेपाशी मालतींचा हात पोटावर थांबला. "अक्का, मऊ लागतंय." शकुंतलांनी मसाज सुरू केला, मालतींनी इंजेक्शन भरलं आणि डॉक्टरांना हाक मारली. चूक कुणाची, हे दोघींनाही विचारायचं सुचलं नाही. ती बाई चौथ्या दिवशी बाळ घेऊन चालत घरी गेली.

आता मी रिटायर होऊन कसबा बावड्यात असते. दुपारी घर शांत असलं की त्या दोघींचे खाटेपाशी चढणारे आवाज आठवतात, आणि चक्क करमत नाही. नोकरीत मी बरीच ट्रेनिंगं घेतली आणि दिलीही. त्यातून उरलेलं शहाणपण एवढंच: दोन सीनियर माणसांना बोलतं करायचं असेल, तर त्यांना समोरासमोर बसवू नये. मध्ये पेशंट ठेवावा.