आप्पांचा टब

आमच्याकडे सायखेड्याला एक टब आहे. अंघोळीचा नव्हे. हिरव्या प्लॅस्टिकचा, आठ जाड चाकांवर बसवलेला, चिखलात चालणारा आणि पाण्यात तरंगणारा. कागदोपत्री त्याला भलंमोठं इंग्रजी नाव आहे, पण गावानं पहिल्याच दिवशी त्याला ‘आप्पांचा टब’ म्हटलं आणि तेच चिकटलं. आप्पा म्हणजे माझे सासरे.

विकत घेतला माझ्या नवऱ्यानं. एका धरणाकाठी पर्यटकांना पाण्यात फिरवण्याचा कुणाचा तरी धंदा होता, तो बसला आणि सामान विकायला निघालं. नवरा तिथं गेला होता बागेतल्या खुर्च्या बघायला, आणि घेऊन आला हे. मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या वर्गाला शिकवते, त्यामुळे घरात आलेलं कुठलंही यंत्र शेवटी माझ्याच गळ्यात पडतं. नाशकातल्या इंदिरानगरच्या आमच्या घरात पुढचे काही दिवस नवऱ्याला भाजीत मीठ आहे की नाही हेसुद्धा मी सांगत नव्हते.

पण त्याचं अगदीच चुकलं होतं असंही नाही. आमचं गावचं घर ओहोळाच्या अलीकडे आणि मळा पलीकडे, गोदावरीच्या वळणात. पावसाळ्यात नदीचं पाणी ओहोळात फुगून येतं आणि काठाला काळ्या मातीचा असा रबडा होतो की ट्रॅक्टरसुद्धा रुतून बसतो. पूर्वी बैलगाडीनं जमायचं. मग आप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, शेवटची बैलजोडी कळवणकडच्या एकानं नेली, आणि पावसाळाभर आप्पा ओट्यावर बसून पलीकडचा मळा नुसता बघायला लागले. त्यांचं ते बघणं मला बघवायचं नाही.

टबाला स्टिअरिंग नाही. दोन दांडे आहेत. डावा ओढला की डावीकडे वळतो, उजवा ओढला की उजवीकडे, दोन्ही ओढले की थांबतो. आधी ‘पैसे पाण्यात घातले’ म्हणून मुलाला बोल लावणारे आप्पा एकदा त्यात बसले, दोन्ही दांडे हातात धरले आणि म्हणाले, “हे तर कासऱ्यावानी हाय.” तिथून पुढे टबाला दुसऱ्या कुणी हात लावायची सोय राहिली नाही. रोज सकाळी चिखल तुडवत, ओहोळ पोहत, गडी मळ्यात. सासूबाई म्हणायच्या, “आता हे जेवायला तरी घरी येत्याल का?”

तो टब पोळ्याला बुडाला.

आप्पांनी त्या पोळ्याला बैलांच्या जागी टब धुतला होता. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी म्हणून दांड्यांना हळद-तूप चोळलं. सकाळी नदीवर नेऊन चाकं घासली, मग अंगणात आणून आतून धुतला, झेंडूची माळ घातली. सासूबाई पुरणपोळीचं ताट घेऊन उभ्या. “खाणार कुठून हे?” “पेट्रोलच्या टाकीपाशी ठेव,” आप्पा म्हणाले. आम्ही सगळे हसलो. मी हसता हसता फोटोही काढले.

टबाच्या तळाशी, मागच्या बाजूला, दोन बुचं आहेत. आत पाणी साचलं की जमिनीवर येऊन बुचं काढायची, पाणी वाहून जाऊ द्यायचं आणि परत पिळून घट्ट बसवायची. एवढं एकच पथ्य. धुतल्यावर आप्पांनी बुचं काढली होती हे तेव्हा माझ्या ध्यानातही नव्हतं.

वर नाशकात पाऊस कोसळत होता, धरणातून पाणी सोडल्याचा निरोप दुपारी आला आणि संध्याकाळपर्यंत नदी गोठ्यापाशी. आम्ही वरच्या आळीत चुलत सासऱ्यांकडे गेलो. निघताना आप्पांनी टबाला लांब दोर लावून अंगणातल्या कडुनिंबाला बांधलं. शेजाऱ्यांनी विचारलं तर ऐटीत म्हणाले, “त्याला काय व्हतंय? पाणी चढंल तसा वर येईल.”

पाणी ओसरल्यावर परत आलो तेव्हा टब कडुनिंबाखाली मागच्या अंगावर कलून रुतला होता. आत काठोकाठ गाळ. इंजिन गाळात, सीट गाळात, झेंडूची माळ मात्र कशी कोण जाणे दांड्याला तशीच. आप्पांनी एकदा आत वाकून पाहिलं. मग म्हणाले, “भंगारात द्या,” आणि आत गेले.

सामान सगळं भिजलं होतं, भिंतींना कमरेएवढी ओल. मी गोठा साफ करायला घेतला. गव्हाणीतला चिखल खोऱ्यानं ओढताना खण्णकन आवाज आला. बघते तर दोन बुचं. त्यांच्या पेचाच्या आट्यांत कुंकू अजून लाल होतं.

म्हणजे काय झालं ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं. आप्पांनी टब निथळायला ठेवला, बुचं हातात राहिली. टाकायची कुठं, तर बैलांचा साज ज्या गव्हाणीत ठेवायचे तिथं ठेवली. साजाला कुंकू लावायचं तसं बुचांनाही लावलं. मग माळ, नैवेद्य, आमची हसाहसी, धरणाचा निरोप. बुचं राहिली.

सांगून टाकावं असं मला एक क्षणही वाटलं नाही. आप्पांच्या थोरल्या भावाला शेवटी शेवटी घरची माणसं ओळखू येईनाशी झाली होती. आप्पांनीच त्यांना भरवलं, न्हाऊ घातलं. तेव्हापासून आप्पांनी एकच धास्ती घेतली होती. चष्मा सापडला नाही तरी त्यांचा चेहरा उतरायचा. पाण्याची मोटार चालू राहिली की पार गप्प व्हायचे. जेवताना मध्येच नातवंडांची नावं मनात म्हणून बघायचे, ओठ हलायचे ते मला दिसायचं. अशा माणसाला ‘तुम्ही बुचं लावायला विसरलात’ म्हणून कोण सांगणार? मी बुचं धुतली, पिशवीत टाकली आणि नाशकात आणून मोहरीच्या डब्यामागे ठेवली.

पुढच्या रविवारी मी सामानाची पेटी घेऊन सायखेड्याला गेले. आप्पा ओट्यावर होते, नदीकडे पाठ करून.

“टब नीट करते,” मी म्हटलं.

“नको. त्यानं तोंडघशी पाडलं मला.” मग जरा वेळानं, “पाणी शिरलं कुठून पण?”

“सील गेले असतील आप्पा. चाकांचे आस टबातून बाहेर येतात ना, तिथले रबरी सील. जुनी गाडी आहे.”

“सील,” आप्पा म्हणाले आणि मान हलवली.

नवऱ्याला वाटत होतं, बॅटरी जोडून एकदा बटण दाबून बघावं. मी त्याला तिथंच झापलं. गाळ खाल्लेलं इंजिन चालू करणं म्हणजे त्याच्या पोटात वाळू दळणं. आधी प्लग काढले, तेल सोडलं. तेल कसलं, आपला दुधाळ चहाच बाहेर आला. मागोमाग एक खेकडा निघाला, तोही इंजिनाखालून, आणि माझ्याकडे असा बघत गेला की जणू भाडेकरूला बाहेर काढलंय. सिलिंडरमध्ये डिझेल ओतून ठेवलं. कार्ब्युरेटर उघडला तर आत मातीचा पेढा. प्रत्येक वायर पुसली, सुकवली. तेल भरायचं, हातानं इंजिन फिरवायचं, तेल सोडायचं, पुन्हा भरायचं. असं करत करत कधीतरी ते तेलासारखं दिसायला लागलं.

आप्पा आधी लांबूनच बघायचे. मग चहा घेऊन यायला लागले. मग चहा देऊन थांबायला लागले. एका रविवारी मी टबातल्या साखळ्या काढून रॉकेलच्या घमेल्यात टाकल्या. आठ चाकं फिरवणाऱ्या साखळ्या त्या, गंजून काठीसारख्या ताठ झालेल्या. “आप्पा, मला एकटीला नाही उरकायचं,” मी म्हटलं. हे खोटं नव्हतं. ते बसले. जुना टूथब्रश घेतला आणि कडी न् कडी घासायला लागले, घुंगुरमाळ साफ करावी तसे. संध्याकाळपर्यंत एक साखळी त्यांच्या हातातून दोरीसारखी लोंबायला लागली. त्यांनी ती मला दाखवली. मला इतकं बरं वाटलं की मी उगाचच पाना शोधायला आत गेले.

खोटं एकदा बोललं की निभावावं लागतं. मी सगळ्या आसांचे सील बदलायला काढले. मुंबईहून मागवले, त्यांनाच सगळ्यात जास्त वेळ लागला; त्याच खोक्यात दोन नवी बुचंही गुपचूप मागवली. जुना सील काढून बाहेर ठेवला तर नवऱ्यानं तो उचलला, बोटानं दाबून बघितला आणि म्हणाला, “अगं, हा तर चांगला आहे.” आप्पा शेजारीच साखळीला ग्रीस लावत होते. मी नवऱ्याच्या पायावर पाय दिला. “वरून दिसतो चांगला,” मी म्हटलं. “आतून कडक झालाय.” शिकवायला उभी राहते तेव्हा काढते तो आवाज काढला. आप्पा ग्रीस लावत राहिले.

इंजिन चालू झालं ते होळीच्या आसपास. आधी खोकलं, मग अंगणभर निळा धूर, मग धडधडायला लागलं. सासूबाईंनी पदर नाकाला लावला आणि नारळ फोडला. आप्पांनी टबाच्या पाठीवर हात ठेवला, तो तिथंच राहू दिला. पण आत बसले नाहीत. अंगणात फेरी मारा म्हटलं तर म्हणाले, “पोराला मारू दे.” पाऊस आला, ओहोळ भरला, आणि तरीही मळ्यात नवराच जायचा, तोही सुट्टी असली तर. आता मला धसका बसला. यंत्र नीट झालं होतं. पण आप्पांचा हात अजून त्या दांड्यांवर येत नव्हता, आणि सगळी खटपट त्यासाठीच तर होती.

पोळा आला. मी सकाळी सायखेड्याला पोचले तेव्हा आप्पांनी टब आधीच धुवून काढला होता. नव्यानं बसवलेली बुचं उघडली होती, खालून पाणी गळत होतं. सासूबाई हाका मारत होत्या, पूजेचं ताट तयार होतं. आप्पा हलले नाहीत. टबाच्या मागे पाटावर बसून राहिले, दोन्ही बुचं मुठीत. शेवटचा थेंब पडला तसे कसेबसे खाली वाकले, बुचं पिळून बसवली, बोटानं चाचपली. मग म्हणाले, “आण आता ताट.”

पूजा झाल्यावर ते सरळ जाऊन टबात बसले. “चल गं सूनबाई, मळ्यात जाऊन येऊ.”

काठाचा चिखल ओलांडला, टबानं पुढचं नाक पाण्यात घातलं आणि चाकं जमिनीवरून सुटली. आतून एकदम हलकं वाटलं. चाकांवरच्या खाचा पाणी मागे ढकलत होत्या, आम्ही चालत्या माणसापेक्षाही सावकाश निघालो होतो. मी खाली तळाकडे बघत होते. कोरडं होतं.

“नको बघू,” आप्पा समोर बघत म्हणाले. “बुचं लावलीत.”

मी मान वर केली.

“ती जुनी कुठं ठिवली? कुंकवाची?”

खोटं बोलायला आता काही उरलंच नव्हतं. “मोहरीच्या डब्यामागं,” मी म्हटलं.

ते हसले. पोट हलवत, आवाज न करता हसायची त्यांची सवय आहे. “पाणी उतरलं त्या सांजंला मी गव्हाणीत हात घातला. तू झाडून काढली व्हतीस. म्हणलं, सुनंला घावली वाटतं.”

“मग वर्षभर बोलला का नाहीत?”

“तू सील म्हणालीस. इतकं मन लावून करत व्हतीस. म्हणलं, असू दे, सील तर सील.”

मला हसू येत होतं आणि डोळ्यांनी बरोबर त्याच वेळी दगा दिला. हा माणूस वर्षभर माझं खोटं सांभाळत होता आणि मला वाटत होतं, मी त्यांना सांभाळते आहे. “तुम्हाला वाईट वाटेल म्हणून,” मी म्हटलं. “मोठ्या काकांसारखं…”

“लय भ्यालो व्हतो,” आप्पा म्हणाले. “रोज बसून आठवायचो. पाणी काढलं, बुचं हातात घेतली, कुंकू लावलं, गव्हाणीत ठिवली. रोज जसंच्या तसं आठवायचं. मग एक दिवस म्हणलं, विसरलो कसा हे जर इतकं आठवतंय, तर आपलं अजून बरं चाललंय.”

पलीकडचा काठ आला. चाकांना जमीन लागली, टबाला एकदा हिसका बसला आणि तो सोयाबीनच्या बांधाला जाऊन उभा राहिला. आप्पांनी दोन्ही दांडे ओढून धरले. मग म्हणाले, “पुढच्या खेपेला ती बुचं घिऊन ये. हे नवं जरा ढिलं बसतंय.”

मी ती त्याच आठवड्यात नेऊन दिली.